जिनिव्हाला निघण्याआधी

तुमचा प्रश्न असा: एका सामाजिक संस्थेत सहा वर्षं देखरेख आणि मूल्यमापन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एम अँड ई, करताय, स्त्री-पुरुष समानतेच्या कामात विशेष रस आहे. तर आता नोकरी सोडून जिनिव्हाला जावं, जेंडर विषयात मास्टर्स करावं आणि मग संयुक्त राष्ट्रांत शिरावं, हे बरोबर ठरेल का? मी याच कामानिमित्त बरीच वर्षं देशाबाहेर आहे, सध्या पूर्व आफ्रिकेत. माझं मत विचाराल तर बाहेर जरूर पडा, पण या क्रमाने नको.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधी पैशाचं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, मार्चमध्ये यूएसएड या आपल्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं आणि १ जुलैला उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ब्रिटनही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणतोय. त्यामुळे मुरलेली माणसं आज एक पायरी खालच्या जागांसाठी अर्ज करताहेत आणि तुमची गाठ त्यांच्याशी आहे. अशा वेळी कर्ज काढून महागड्या शहरात पदवी घ्यायची आणि नोकरी आपोआप चालून येईल म्हणायचं, हा जुगार मी तरी खेळणार नाही.

दुसरं म्हणजे, जाहिरात नीट वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या देश-कार्यालयांतल्या एम अँड ईच्या पुष्कळ जागा ‘नॅशनल ऑफिसर’ वर्गाच्या असतात, म्हणजे त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच. परदेशात तुमच्यासाठी खुल्या असतात त्या ‘पी’ म्हणजे प्रोफेशनल, आंतरराष्ट्रीय वर्गाच्या. पी-२ ला साधारणपणे मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, पी-३ ला पाच वर्षांचा. मास्टर्स आधीच झालं असेल तर दुसरं कशाला? नसेल तर ते मूल्यमापन, संख्याशास्त्र किंवा सार्वजनिक धोरणात करा. यूएन व्हॉलंटियर (संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना) आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची फील्ड ऑफिसं हे दरवाजे अजून किलकिले आहेत.

आता जेंडरचं. ‘जेंडर तज्ज्ञ’ म्हणून अर्ज करू नका. जेंडर खरोखर मोजता येणारी एम अँड ईची व्यक्ती म्हणून करा. जेंडर सल्लागाराच्या जागा मुळात थोड्या, आणि कपातीत कात्री आधी तिथेच लागते. उलट अहवाल प्रत्येक डोनरला, म्हणजे पैसा देणाऱ्याला, हवाच असतो, आणि त्या अहवालातला जेंडरचा भाग बहुतेक ठिकाणी लंगडा असतो.

कसा, ते सांगते. पाणी समितीचं उदाहरण घ्या. इंडिकेटर, म्हणजे प्रगती मोजायची खूण: ‘समितीत निम्म्या महिला’. हजेरीपत्रकावर निम्म्या सह्या बायकांच्या, खजिनदारही बाई. लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि इंडिकेटर मांडलेल्या तक्त्यात, लक्ष्य पूर्ण. पण पेटीची किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि दुरुस्तीवर खर्च करायचा की नाही हे बैठकीआधीच पुरुषांनी ठरवलेलं. हे पकडायचं तर सह्या मोजून भागत नाही. मागच्या तीन खर्चांचा विषय कोणी काढला, कोणी विरोध केला, शेवटी कोणाचं चाललं, हे विचारावं लागतं. मुलाखत घेणारी बाई लागते, आणि कोबोच्या (मोबाइलवर माहिती गोळा करायचं साधन) फॉर्ममध्ये एक साधा रकाना लागतो: उत्तर देताना जवळ आणखी कोण होतं? नवरा शेजारी बसलेला असतानाची उत्तरं वेगळी काढून बघा, निष्कर्षच हलू शकतो. आणि ‘महिला’ हा एकच गठ्ठा करू नका. वय, अपंगत्व, घरची परिस्थिती यांनुसार आकडे फोडा. अपंगत्वासाठी वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी गटाचे सहा प्रश्न तयारच आहेत.

मुलाखतीला जाताना दोन गोष्टी पाठ नव्हे, पचलेल्या असाव्यात. पहिली, ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास सहाय्य समितीचे मूल्यमापन निकष: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम, टिकाऊपणा हे १९९१ पासूनचे पाच, आणि २०१९ मध्ये आलेली सुसंगती. दुसरी, त्याच समितीचा जेंडर मार्कर, म्हणजे प्रकल्पात समानतेला किती स्थान आहे हे सांगणारे गुण: ०, १, २. शून्य म्हणजे समानता हा हेतूच नाही. दोन म्हणजे समानता हाच प्रकल्पाचा मुख्य हेतू. एक म्हणजे ती महत्त्वाची, पण मुख्य नाही. अनेक प्रपोजलं सवयीने १ लावून मोकळी होतात. खरं तर त्यासाठीसुद्धा आधी जेंडर विश्लेषण, निदान एक स्पष्ट उद्दिष्ट आणि ते मोजणारा इंडिकेटर लागतो. तुमच्या संस्थेचा एखादा जुना प्रकल्प घ्या, त्याला प्रामाणिकपणे गुण द्या आणि का दिले ते दोन पानांत लिहा. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात तेव्हा हा कागद कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल. (संस्थेची परवानगी मात्र घ्या, गावांची, माणसांची नावं काढून टाका.)

भाषेचं म्हणाल तर फ्रेंच शिका. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जागांना इंग्रजीवाल्यांची गर्दी एकदम विरळ होते.

ऑफर आलीच, तर सही करण्याआधी विचारा: या जागेचा पैसा कोणत्या डोनरचा आणि किती महिने शिल्लक आहे? करार स्टाफचा की कन्सल्टंटचा? कन्सल्टंट असाल तर विमा, पेन्शन, बहुतेक वेळा व्हिसाचीही जबाबदारी तुमच्या गळ्यात. पोस्टिंग ‘नॉन-फॅमिली’, म्हणजे कुटुंब सोबत नेता न येणारं, आहे का, आणि नसेल तर जोडीदाराला तिथे काम करता येतं का? ही उत्तरं फोनवर नको, ईमेलवर मागा.