वाचकांचे प्रश्न: अमीबातले एक्टोप्लाझम आणि प्रेतबैठकीतले एक्टोप्लाझम

प्रश्न: अमीबाच्या आकृतीत ‘एक्टोप्लाझम’ दाखवलेले असते. प्रेतविद्येवरच्या लेखात मात्र प्रेतबैठकीत, म्हणजे मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकीत, माध्यमाच्या (त्यांच्याशी संपर्क साधतो असा दावा करणाऱ्या व्यक्तीच्या) तोंडातून ‘एक्टोप्लाझम’ बाहेर आल्याचे वाचले. दोन्ही एकच का?

उत्तर: नाही, फक्त नाव एक आहे. ग्रीक ‘एक्टोस’ म्हणजे बाहेर आणि ‘प्लाझ्मा’ म्हणजे घडवलेले. जीवशास्त्रात पेशीपटलाला आतून लागून असलेला पेशीद्रव्याचा स्वच्छ, कणविरहित, जेलीसारखा थर म्हणजे एक्टोप्लाझम. त्याच्या आत असते ते एंडोप्लाझम. ते पातळ आणि कणांनी भरलेले असून केंद्रक आणि अन्नरिक्तिका त्यातच असतात.

हे दोन कायमचे वेगळे पदार्थ नव्हेत, आणि गल्लत इथेच होते. अमीबा सरकताना एंडोप्लाझम छद्मपादाच्या (सरकण्यासाठी अमीबा पुढे काढतो त्या तात्पुरत्या पायासारख्या फुगवट्याच्या) टोकाकडे वाहते, तिथे बाजूंना वळते आणि घट्ट होऊन एक्टोप्लाझम बनते. शेपटाकडे तेच पुन्हा पातळ होऊन आत ओढले जाते. हा घट्टपणा मुख्यतः अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जाळ्यामुळे येतो.

प्रश्न: सूक्ष्मदर्शकातून अमीबा दिसतो, पण हा थर दिसत नाही. काय चुकते?

उत्तर: बहुतेक वेळा प्रकाश जास्त असतो, किंवा अमीबा कव्हरस्लिपखाली दाबला गेलेला असतो. थेंबाच्या दोन्ही बाजूंना फुटक्या कव्हरस्लिपचे बारीक तुकडे ठेवा आणि त्यांच्यावर अख्खी कव्हरस्लिप टेकवा, म्हणजे खाली जागा राहील. धक्का बसलेला अमीबा छद्मपाद आखडून गोळा होतो, म्हणून 5 ते 10 मिनिटे स्लाइड हलवू नका. आधी 100 पट वर्धनाने शोधा, मग 400 पटीवर जा आणि डायफ्रॅम (खालून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप) बराच मिटवा. उजेड भगभगीत असला की पारदर्शक थर पाण्यात हरवून जातो. नजर पुढे येणाऱ्या छद्मपादाच्या टोकावर ठेवा: तिथे काचेसारखी स्वच्छ टोपी दिसते आणि कणांचा लोंढा तिच्या मागेच थबकतो. रंजक (रंग देणारे द्रव्य) मात्र घालू नका. त्याने बहुधा अमीबा मरतो आणि हालचालच थांबते. पाणी आटू लागले तर कव्हरस्लिपच्या कडेने एक थेंब सोडा.

प्रश्न: मग माध्यमांच्या तोंडातून यायचे ते काय होते?

उत्तर: जिथे नीट तपासणी झाली तिथे कापड, कागद असेच काहीतरी निघाले. प्रेतबैठकीच्या संदर्भात हा शब्द रूढ केला तो फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांनी. अ‍ॅनाफिलॅक्सिसवरील (तीव्र अ‍ॅलर्जीवरील) कामासाठी 1913 चे नोबेल मिळवणारे हेच. एवढ्या मोठ्या नावामुळे शब्दाला वजन आले. पुराव्याला ते येत नाही.

उजेड पडला किंवा कोणी हात लावला तर माध्यमाला इजा होते, असे सांगितले जाई. या एका नियमाने तपासणीच बंद पडे. माध्यम म्हणून गाजलेल्या हेलन डंकन यांची 1931 मध्ये असे दावे तपासणारे हॅरी प्राइस यांनी तपासणी केली. गिळलेले जाळीदार सुती कापड पोटातून पुन्हा वर काढले जाते, असा प्राइस यांचा निष्कर्ष होता. असे कापड इतके विरळ असते की बरीच लांबी मुठीएवढ्या बोळ्यात मावते. फोटोत उभे-आडवे धागे आणि घड्या दिसतात. ईव्हा सी. या दुसऱ्या माध्यमाच्या प्रकरणात तर ‘ल मिरवार’ या फ्रेंच नियतकालिकातून कापलेले चेहरे वापरले गेले होते. मागून घेतलेल्या एका फोटोत त्या नावाची अक्षरेच उमटली आहेत.

डंकन यांच्या बैठकीतल्या ‘एक्टोप्लाझम’चा एक नमुना आजही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तोही कापडाचाच.

प्रश्न: एक्टोडर्म म्हणजेही हेच का?

उत्तर: नाही. एक्टोडर्म हा भ्रूणाचा बाहेरचा थर, अनेक पेशींचा बनलेला. त्वचेचा बाहेरचा थर आणि मज्जासंस्था त्यापासून तयार होतात. एक्टोप्लाझम एकाच पेशीच्या आत असते.