करार संपला, निवारा चालूच

प्रश्न: आमची महिला संस्था नगरपरिषदेचा बेघर निवारा चालवते. सध्या 38 माणसं आहेत, बहुतेक म्हातारी, दोघी मनोरुग्ण. करार मार्चमध्ये संपला. 'नवी निविदा निघेपर्यंत चालू ठेवा,' असं मुख्याधिकारी तोंडी म्हणाले. आता सात महिन्यांची देयकं 'मुदतवाढीचा ठराव नाही' असा शेरा मारून परत आली आहेत. किराणावाला उधार देईना. कुलूप लावून किल्ली नगरपरिषदेत नेऊन द्यावी का?

उत्तर: ताई, किल्ली द्या, पण अशी नाही. माणसं रस्त्यावर आली तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील, नगरपरिषदेला नाही. खरं तर निवारा देणं ही जबाबदारी त्यांची आहे. लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा, हे शहरी बेघरांच्या निवारा योजनेतच लिहिलेलं होतं. रिकाम्या तिजोरीचं कारण न्यायालयात फारसं चालत नाही.

आता पैशांचं. ठराव नाही, म्हणजे लेखी करार नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण तिथेच विषय संपत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 70 सांगतं की कायदेशीरपणे, फुकट करण्याचा इरादा नसताना तुम्ही एखाद्यासाठी काम केलंत आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सरकारलाही हे लागू केलं. तिथेही लेखी करारात खोट होती, पण काम झालं होतं.

म्हणून सगळा भर 'लाभ घेतला' हे दाखवण्यावर द्या. या सात महिन्यांत पोलिसांनी किंवा नगरपरिषदेने कुणाला रात्री आणून सोडलं असेल, तर ते पत्र सोन्यासारखं आहे. हजेरी रजिस्टर, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याची सही, दर महिन्याला पाठवलेलं देयक, सगळं जपा. परत आलेली देयकंही फेकू नका. 'फुकट नव्हतं' हे तीच सांगतात. मात्र भरपाई जुन्या दरानेच मिळेल असं नाही, रास्त रक्कम ठरते.

उद्याच एक पत्र लिहा: करार संपला आहे, तोंडी सूचनेवरून सेवा सुरू आहे, 30 दिवसांत मुदतवाढ किंवा दुसरी संस्था नेमा, नाहीतर ताबा घ्या आणि रहिवाशांची यादी ताब्यात घ्या. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सोबत माहिती अधिकारात मागा की निविदेची फाईल कुणाच्या टेबलावर आहे.

दाव्याआधी वकिलाची नोटीस लागेल. दावा लावायची मुदत तीन वर्षांची समजून बसू नका, नगरपरिषदा छोट्या मुदतीचा मुद्दा काढतात.

आणि किराणा संस्थेच्या नावानेच घ्या, तुमच्या नावाने नाही. उद्या तगादा लागला तर तो संस्थेच्या दारात थांबला पाहिजे.