फाइल दाबायची, आवळायची की पिळायची?

शाळेतल्या शिक्षकांसाठी एक बाई छोटी मराठी पुस्तिका लिहीत आहेत: मोबाइलवर धड्याचा व्हिडिओ कसा करावा. त्यांचा प्रश्न असा: "व्हिडिओ एडिट झाल्यावर तो कॉम्प्रेस करावा लागतो. याला मराठीत काय म्हणू? कुठे संपीडन दिसतं, कुठे संक्षेपण, एकाने आकुंचन सुचवलं. नुसत्या आवाजाच्या फाइललाही तोच शब्द चालेल का? शिक्षकांना वाचताना अडखळायला नको एवढंच. आणि लिहायचं कसं, 'कंप्रेस' की 'कॉम्प्रेस'?"

आधी तुमच्या प्रश्नातल्या 'एडिट'बद्दल. त्याला संपादन म्हणू नका. संपादन लेखाचं, अंकाचं, ग्रंथाचं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मराठीने कधीच संकलन हा शब्द रुळवला आहे आणि तो तुम्हाला आयता मिळतो आहे. 'संकलन झाल्यावर' म्हणा.

आता कॉम्प्रेस. संक्षेपण मी पहिल्या फटक्यात बाद करतो. व्हिडिओचा संक्षेप म्हटलं की कोणालाही वाटणार, चाळीस मिनिटांचा तास दहा मिनिटांत उरकला. कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ चाळीस मिनिटांचा तेवढाच राहतो, त्यातलं एक वाक्यही गळत नाही. कमी होतं ते त्याने मोबाइलमध्ये अडवलेलं स्थान. आकुंचनही नको. एक तर आकुंचन आपसूक होतं, स्नायूचं, थंडीत लोखंडी रुळाचं. दुसरं म्हणजे आपल्या कानात आकुंचन-प्रसरण ही जोडी एकत्रच वाजते. आकुंचन पावलेली वस्तू पुन्हा पूर्ववत होणार, असं तो शब्द न सांगता सांगून जातो. व्हिडिओच्या बाबतीत ते साफ खोटं आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. तिच्याकडे येतोच.

साधं 'दाबणे' का नको, असं कोणी विचारेल. मराठीत फाइल दाबतात ती कचेरीत. "व्हिडिओची फाइल दाबली" असं वाचून शिक्षक चौकशी समितीची वाट पाहायला लागतील. शिवाय मोबाइलवर 'दाबा' म्हणजे बटण दाबा.

उरलं संपीडन. हा शब्द भारदस्त आहे, हिंदीतही चालतो, आणि राज्याच्या नववीच्या विज्ञानात येऊन गेलेला आहे. पण तिथे तो कसा येतो ते आठवा: ध्वनीच्या धड्यात, हवेचे कण जिथे दाटीवाटीने जवळ येतात ते संपीडन आणि जिथे विरळ होतात ते विरलन. म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकाच्या डोक्यात 'ध्वनी' आणि 'संपीडन' हे शब्द आधीच एकत्र आहेत, पण वेगळ्याच अर्थाने. त्यांना "ध्वनीचं संपीडन करा" असं सांगितलंत तर ते नादकाटा शोधतील. त्यातून 'संपीडित व्हिडिओ' म्हटलं की मला उगाचच अतिवृष्टीपीडित, दुष्काळपीडित आठवतात. संस्कृतात पीड् म्हणजे मुळात दाबणे, चेपणे, आणि त्यातूनच दुःख देणे. मराठीत तत्सम 'पीडा' आली ती फक्त दुःख घेऊन. दाबण्याचा अर्थ मागे राहिला.

मागे राहिला, पण हरवला नाही. संस्कृतातला दोन स्वरांमधला 'ड' मराठीत येताना पुष्कळदा 'ळ' होतो. गुडचा गूळ झाला, तडागाचं तळं, षोडशचे सोळा, दाडिमाचं डाळिंब. त्याच वाटेने पीड् प्राकृतातून चालत आला आणि मराठीत त्याचं झालं 'पिळणे'. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं संपीडन आणि धुण्याच्या दगडावरचं पिळणं ही एकाच घराण्यातली. एक शिकून शहरात गेलं, एक गावी राहिलं. आणि गंमत अशी की व्हिडिओला जे घडतं त्याचं अचूक वर्णन गावी राहिलेला शब्द करतो.

ते कसं, हे सांगायला थोडं यंत्राच्या आत शिरावं लागेल. फाइल लहान करण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि इंग्रजी दोन्हींना कॉम्प्रेसच म्हणते.

पहिली तऱ्हा म्हणजे घडी. नऊवारी लुगडं घडी घालून कपाटात ठेवलं तर जागा कमी लागते आणि उलगडलं की नऊच्या नऊ वार तुमच्यासमोर. सूतही कमी होत नाही. मजकुराच्या फाइली झिप करतो तेव्हा हेच होतं. परत परत येणारे अक्षरसमूह एकदाच लिहायचे आणि पुढे फक्त 'वरच्यासारखंच' अशी खूण करायची. आवाजासाठी फ्लॅक नावाचा प्रकार आहे, तोही घडीचाच.

दुसरी तऱ्हा पिळण्याची. पिळल्यावर काहीतरी बाहेर जातं आणि ते परत येत नाही. एमपी-थ्री, यूट्यूबचे व्हिडिओ, तुमच्या मोबाइलचा कॅमेरा, सगळा कारभार या दुसऱ्या तऱ्हेचा. घडीने इथे भागतच नाही. आकडा पाहा: १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. एका मिनिटाचे ९.३ जीबी होतात. चाळीस मिनिटांचा तास बहुतेक मोबाइलमध्ये मावणार नाही.

मग पिळून काढतात काय? जे आपल्याला नाहीतरी जाणवत नाही ते. डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच. मग चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाचं गणिती रूपांतर करतात आणि त्यातले बारीक तपशील ढोबळ करून टाकतात. हे रूपांतर बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडलं. फोटोचं जेपेग त्यावरच उभं आहे. २००३ मध्ये आलेल्या आणि आजही घरोघर चालणाऱ्या एच.२६४ या व्हिडिओच्या पद्धतीतही त्याचंच सोपं केलेलं रूप आहे.

व्हिडिओत आणखी एक मोठी बचत आहे. लग्नाचं चित्रीकरण डोळ्यांसमोर आणा. मंगलाष्टकं चालली आहेत, अंतरपाट धरलेला आहे, मागचा पडदा, खुर्च्या, भटजी, सगळं जागच्या जागी. एका चित्रातून पुढच्या चित्रात फारसं काही बदलत नाही, म्हणून पूर्ण चित्र अधूनमधून एखादंच ठेवतात आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं तेवढं नोंदवतात. आणि मग "शुभमंगल सावधान" होतं. शेकडो अक्षता एकदम हवेत, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने. आता सगळंच हललं. ठरलेल्या मापात ते बसत नाही आणि नेमक्या त्या क्षणी नवरानवरीच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तीच फ्रेम बिघडते. तुमच्या शिक्षकांचं नशीब बरं, फळ्यासमोर इतकं काही उडत नाही.

आवाजाचं तसंच. ताशाची कडकड चालू असताना शेजारणीच्या बांगड्यांची किणकिण कानाला ऐकू येत नाही, मग ती साठवायची कशाला? एमपी-थ्री हा हिशेब करते. सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. एमपी-थ्री १२८ मध्ये काम भागवते. अकरा पट पिळलं.

आता 'पिळणे' या शब्दाचा व्यावहारिक फायदा बघा. "एमपी-फोर झिप केली तरी लहान का होत नाही?" असं लोक सारखं विचारतात. पिळलेल्या फडक्याची घडी घातली म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. उसाचं चिपाड चरकातून पुन्हा काढलं तर हाती काय येणार? उत्तर शब्दातच आहे, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तसंच, मोबाइलने चित्रीकरण करतानाच एकदा पिळलेलं असतं. संकलन करून बाहेर काढताना दुसऱ्यांदा पिळलं जातं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तिसऱ्यांदा. म्हणून शिक्षकांना सांगा, चांगल्या प्रतीचा हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा तो आहे तसाच जातो.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ मी संकलित केला, आवळून लहान केला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि जागा मोकळी करायच्या नादात मूळ फुटेज पुसलं. वर्षभराने पेनड्राइव्हवर द्यायची वेळ आली तेव्हा हाताशी होती ती ग्रुपवरून परत उतरवून घेतलेली प्रत. ऐंशी दिव्यांचं तबक एक पिवळा डाग होऊन बसलं होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात 'आकुंचन'च होतं. वाटलं होतं, काही तरी करून प्रसरण पावेल.

वरच्या परिच्छेदात मी 'आवळून' लिहिलं आहे. बोलताना तेच येतं, आणि वाईट नाही. पण आवळलेली मोळी सोडली की काटक्या तितक्याच असतात. तो शब्द घडीच्या बाजूचा.

लोक काय म्हणतात तेही पाहायला हवं. लग्नाचे व्हिडिओ करणारी मुलं यातलं काहीच म्हणत नाहीत. ती म्हणतात "साइज कमी कर", "एक्सपोर्ट मारला", "बिटरेट उतरव". पण बिघाडाला मात्र त्यांच्याकडे अस्सल मराठी आहे: जास्त पिळलं की चित्र 'फुटतं', आणि आवाज 'फाटतो'. हा भेद मला फार आवडतो. चित्राचे तुकडे होतात म्हणून फुटतं, आवाज चिरल्यासारखा वाटतो म्हणून फाटतो. पुस्तिकेत हे दोन्ही शब्द बिनदिक्कत घाला, 'पिक्सलेशन' समजावत बसू नका.

आता आवाजाबद्दलचा प्रश्न. इथे सावध राहा, कारण आवाजाच्या ॲपमध्ये कॉम्प्रेसर नावाचं एक साधन असतं आणि त्याचा फाइलच्या आकाराशी काडीचा संबंध नाही. (पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरशीही नाही.) ते आवाजातला चढउतार कमी करतं. शिक्षक मुलांवर ओरडले की आवाज उंच जातो, फळ्याकडे तोंड केलं की खाली. कॉम्प्रेसरला एक उंबरठा ठरवून देतात आणि प्रमाण सांगतात. चारास एक सांगितलं तर उंबरठ्याच्या वर आठ डेसिबल गेलेला आवाज दोनच डेसिबल वर जातो. मग सगळा आवाज मिळून थोडा वाढवला की मागच्या बाकावरही सारखं ऐकू येतं. फाइल मात्र तेवढीच राहते. इथे पिळणं नाही, घडी नाही, संपीडनही नाही. मी याला 'आवरणे' म्हणेन. ओरडणाऱ्या मुलाला आपण "आवर जरा" म्हणतो तेच इथे आवाजाला सांगायचं आहे. "कॉम्प्रेसर लावून आवाजाचा चढउतार आवरा" हे वाक्य कोणालाही कळेल.

पुस्तिकेसाठी माझं मत असं. क्रियापदाच्या जागी 'कॉम्प्रेस करा' हेच ठेवा, कारण ॲपमधल्या बटणावर तोच शब्द असणार आणि शिक्षकाचं बोट तोच शोधणार. पण पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगा: "कॉम्प्रेस करणे म्हणजे व्हिडिओ पिळून लहान करणे, पिळून गेलेला तपशील परत येत नाही, म्हणून मूळ व्हिडिओ जपून ठेवा." शीर्षकासाठी किंवा शेवटच्या शब्दसूचीसाठी नाम लागलंच तर संपीडन घ्या, मात्र नुसतं नको, 'फाइलचं संपीडन' असं पूर्ण लिहा, म्हणजे नववीचा धडा मध्ये येणार नाही. दोन तऱ्हांना नावं हवी असतील तर 'हानियुक्त' आणि 'हानिरहित' हे घडवलेले शब्द मला बोजड वाटतात. अर्थसंकल्पामुळे 'तुटीचा' हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे. पिळण्याला तुटीचं संपीडन आणि घडीला बिनतुटीचं संपीडन. बिनतुटीच्या उलट क्रियेला 'उलगडणे'.

तुम्ही शेवटी 'कंप्रेस' की 'कॉम्प्रेस' असंही विचारलं होतं. इंग्रजी क्रियापदाचा उच्चार कंप्रेसच्या जवळ जातो, पण मराठी लेखनात कॉम्प्रेस जास्त रुळलेला दिसतो. दोन्हीपैकी कोणताही घ्या. पान तीनवर एक आणि पान नऊवर दुसरा असं तेवढं होऊ देऊ नका.