बाहेरून काळं, आतून गुलाबी!

प्रश्न: आमचा पाच जणांचा ग्रुप दर शुक्रवारी गाडीवर सळईवरचं चिकन खायला जातो, जाम मजा येते, पण मागच्या वेळी माझा तुकडा बाहेरून करपलेला आणि आत चक्क गुलाबी निघाला, मित्र म्हणाले खा रे काही होत नाही. खायला हवं होतं का? आणि घरी करायला गेलो तर काड्याच जळतात.

उत्तर: अजिबात नाही, पोट तुमचं बिघडणार, मित्रांचं काय जातंय! नुसत्या रंगावर सगळं ठरत नाही हे खरं, चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचायला हवं, पण गाडीवर थर्मामीटर कोण नेणार, म्हणून तुकडा मधून तोडून बघा, आत लिबलिबीत वाटलं तर सरळ परत शेगडीवर ठेवायला सांगा, लाजायचं काय त्यात. असं होतं कारण चरबी निखाऱ्यावर ठिबकते, भडका उडतो, बाहेरचं करपतं आणि आत उष्णता पोचायच्या आधीच सळई उतरते. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत जो थांबतो तो खरा कारागीर. कच्च्याला आणि शिजलेल्याला एकच चिमटा वापरत असेल तर मात्र दुसरी गाडी शोधा.

घरी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, टोकं तरी थोडी काळी होतीलच. तुकडे सारख्या आकाराचे, किंचित अंतर ठेवून. भाज्या वेगळ्या काडीवर, नाहीतर चिकन होईस्तोवर टोमॅटोचा लगदा! आणि गप्पांच्या नादात काडी तोंडात धरून हसू नका हं.