आधी कल्ला उचल

पोरी,

गणपतीत आमच्या पडवीत बसून तू मोदकाला हात लावला नाहीस, तेव्हाच ओळखलं. मग तुझ्या आईने सांगितलं. रक्ताच्या ४० नमुन्यांत रोगाची खूण म्हणून ठळक दिसलेलं तुझं प्रथिन दुसऱ्या हॉस्पिटलच्या नमुन्यांत गायब, आणि तू आता नवं सॉफ्टवेअर शिकायला निघालीस. शीक. पण रक्त काढल्यापासून सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, वेगळं करेपर्यंत किती वेळ गेला? दोन्हीकडे? लिहिलंयस कुठे?

हर्णैला सुरमई घेताना तुझी आई काय करते? कल्ला उचलून बघते. भाव नंतर.

२००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरची रक्तचाचणी आली होती, ५० पैकी ५० रुग्ण ओळखणारी. मी पेढेच वाटायची बाकी होते. पुढे इतरांनी तोच डेटा उकलला, तर दिसणारा फरक रोगाचा नसून नमुन्यांच्या हाताळणीचा आणि यंत्राचा असावा, असं दिसू लागलं. ती चाचणी काही दवाखान्यात पोचली नाही.

हसू नकोस, मीही तेच केलंय. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण मुंबईतले, निरोगी माणसं आपल्याकडची, मे महिन्यातल्या शिबिरातली. मुंबईचं रक्त तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये, सीरम वेगळं करणाऱ्या यंत्रात, फिरायचं. इकडचं थर्मासात, एसटीच्या मागच्या सीटवर, कशेडी घाटातून आदळत जायचं. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी. सीरम पिवळसर हवं, ते कोकमाच्या सरबतासारखं गुलाबी होतं. तांबड्या पेशी फुटलेल्या. मी नळी उजेडात धरली, रंग पाहिला आणि खाली ठेवली. दीड वर्ष गेलं होतं, सरांना पोस्टर हवं होतं.

आमचा मार्कर, म्हणजे रोगाची खूण, निघाला कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं प्रथिन. कॅन्सरमध्ये तो ‘कमी होतो’ म्हणून मी परिषदेत छाती काढून बोलले. अगं, तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनखालोखाल तेच तर ठासून भरलेलं असतं! निरोगी लोकांत तो जास्त दिसला, कारण त्यांचं रक्त एसटीने आलं होतं.

त्यानंतर मी हटवादी झाले. टिश्यू, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा, तासाभरात फॉर्मलिनमध्ये, तो टिकवणाऱ्या द्रावणात, गेला नाही, तर घ्यायचाच नाही. फॉर्मलिनमध्ये ६ तासांहून कमी नको, ७२ हून जास्त नको. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच तुकड्यावर हर-टू या प्रथिनाची तपासणी होते, आणि तिच्या निकालावर बाईला ट्रॅस्टुझुमॅब हे औषध मिळणार की नाही ते ठरतं, तिथे ‘चालतंय’ कसं चालेल? सर्जन वैतागले, आमचे पेपर रखडले, माझी बढतीही. मी दापोलीला परत आले तेव्हा लोक म्हणाले, हरून आली. म्हणोत. माझ्या रजिस्टरात प्रत्येक नळीची वेळ आहे, मिनिटासकट. त्यांच्याकडे असेल तर दाखवू देत.

तर आधी कल्ला. अल्गोरिदमने शिळा मासा ताजा होत नाही. हे तुला तिसऱ्यांदा सांगतेय, चौथ्यांदाही सांगेन.

त्या हॉस्पिटलच्या टेक्निशियनला फोन कर. ईमेल नको. ‘दादा’ म्हण, चहाचं विचार, मग लाईट जाते तेव्हा डीप फ्रीझरचं काय करता ते विचार. रविवारी वही घेऊन ये. येताना थोडी सुकट आण, इकडची संपलीय.

— मावशी