इमॅजिकाला जाताय? मुक्काम खोपोलीत पाहा

भाऊ, इमॅजिका थीम पार्कला लागून असलेल्या हॉटेलात खिसा रिकामा करू नका. खोपोली गावातला साधा लॉज पुरतो. विदर्भातून येत असाल तर विदर्भ एक्स्प्रेसनं कल्याणला उतरा, तिथून खोपोली लोकल. थेट नसली तर कर्जतला बदला. लोणावळा स्वस्त मिळालं तरी नको. शनिवार-रविवारी बोरघाटात गाडी अडकली की सकाळ गेलीच.

लॉजवाल्याला नुसतं भाडं विचारू नका. "दोन मोठे, दोन लेकरं अन् आजी, गादीसकट एकूण किती?" असं विचारा, तोच आकडा व्हॉट्सॲपवर लिहून मागा. जास्तीच्या गादीचे पैसे ऐनवेळी निघतात, वाद तिथंच होतो. गाडी सकाळी पोचते, खोली मात्र बहुधा दुपारी 12 ला मिळते. लवकर देता का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, तेही विचारा. वॉटर पार्क करणार असाल तर वाळत घालायला गच्ची हवी, नाहीतर ओले कपडे पिशवीत कुबट होतात. आधार सगळ्यांचे घ्या.

भाड्यात ऑटोचं जाणं-येणं धरूनच हिशेब करा. परतीचा ऑटो सकाळीच ठरवून नंबर घ्या. पार्क बंद होताना सगळे एकदम बाहेर पडतात अन् भाव चढतो. आजीला राइडमध्ये बसायचंच नसेल तर लॉजवर आराम करू द्या, तेवढंच एक तिकीट वाचतं.