इंडियानोलाचं टपाल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत सरकारी पदांवर पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांवरच्या तुझ्या प्रबंधाचा मसुदा काल रात्री वाचून काढला. नावं, सालं चोख आहेत. १८६९ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी हैतीला प्रतिनिधी म्हणून पाठवलेले एबेनेझर बॅसेट, १८७० मध्ये सिनेटमध्ये गेलेले हायरम रेव्हल्स, त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात आलेले जोसेफ रेनी. पण तुझा प्रत्येक परिच्छेद 'पहिले कृष्णवर्णीय' म्हणत सुरू होतो आणि शपथ झाली की संपतो. खरी गोष्ट शपथेच्या अलीकडे-पलीकडे आहे गं.

रेव्हल्सना तर दारातच अडवलं. सिनेटर व्हायला नऊ वर्षांचं नागरिकत्व लागतं, आणि कृष्णवर्णीय माणूस १८६८ च्या घटनादुरुस्तीआधी नागरिकच नव्हता, असा विरोधकांचा मुद्दा. त्याच देशात, स्वतंत्र म्हणून जन्मलेल्या माणसाबद्दल! ४८ विरुद्ध ८ मतांनी ते आत गेले. हा वाद तू एका ओळीत उरकलास.

आणि मिनी कॉक्स तुझ्या यादीत नाहीतच, याचं मला फार वाईट वाटलं. मिसिसिपी राज्यातल्या इंडियानोला गावच्या कृष्णवर्णीय पोस्टमास्तर, नेमणूक १८९१ ची. कुणाचं टपालपेटीचं भाडं थकलं तर बाई पदरचे पैसे भरायच्या. लोकांची सोय म्हणून टेलिफोनही त्यांनी स्वतःच्या खर्चानं बसवला. कामात बोट ठेवायला जागा नव्हती. तरी १९०२ मध्ये गावातल्या गोऱ्यांनी सभा भरवून त्यांचा राजीनामा मागितला. धमक्या सुरू झाल्या. बाईंनी राजीनामा पाठवला, पण अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी तो घेतला नाही. उलट जानेवारी १९०३ मध्ये इंडियानोलाचं पोस्टच बंद करून टाकलं, गावाचं टपाल ग्रीनव्हिलला वळवलं आणि बाईंचा पगार चालू ठेवला. एवढं करूनही जिवाच्या भीतीनं त्यांना गाव सोडावं लागलं. नेमणुकीची मुदत संपली, पण त्या खुर्चीत त्या परत बसल्या नाहीत.

नेमणूक करणारे वॉशिंग्टनमध्ये होते, धमकावणारे शेजारच्या गल्लीत. हे अंतर तुझ्या प्रबंधात दिसायला हवं.

गुलामगिरीतून सुटून पुढे कृष्णवर्णीयांचे मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लसही पुन्हा बघ. १८७७ मध्ये ते वॉशिंग्टनचे मार्शल, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारे केंद्र सरकारचे अधिकारी झाले, पण व्हाइट हाउसच्या समारंभात पाहुण्यांची अध्यक्षांशी ओळख करून देण्याचं मार्शलचं काम तेवढं त्यांच्याकडे ठेवलं नाही. पद दिलं तेव्हा त्यातलं काय काढून घेतलं, हे प्रत्येक नावापुढे शोध.

यादी परिशिष्टात टाक. पहिलं प्रकरण कॉक्सबाईंच्या पोस्टापासून सुरू कर आणि मंगळवारी घेऊन ये, बसून वाचू.

तुझे,
सर